तिसरा आग्रह

बायको, युस्निमार, गेली त्याच्या सत्त्याण्णवाव्या दिवशी सकाळी बुस्तामीला कॉफी झाकणाच्या कपातून आली. खाली बशी, वर झाकण, शेजारी केळ्याचे दोन तळलेले काप. येल्वीनं कप पुढ्यात ठेवला, दांडी त्याच्या उजव्या हाताला येईल अशी फिरवली आणि म्हणाली, "घ्या काका, गरम आहे तोवर."

झाकण काढून तो कॉफी प्यायला. चव लागली नाही. चव तशी तीन महिन्यांत कशाचीच लागत नव्हती, त्यामुळे त्यात नवल नव्हतं. पण त्या झाकणाकडे मात्र तो बराच वेळ बघत राहिला. या घरात घरच्या माणसाला झाकणाचा कप देत नाहीत. एकतीस वर्षं तो चुलीपाशी उभ्यानं किटलीतून स्वतः ओतून घेत आला. झाकणाचे बारा कप काचेच्या कपाटात असतात, ते पाहुण्यांचे. बुक्कितिंगीच्या बाजारातून ते पेंढ्यात गुंडाळून, बसमध्ये मांडीवर धरून त्यानंच आणले होते.

आमच्याकडे घर बायकांचं असतं, हे सांगायला हवं. आजीचं आईला, आईचं लेकीला. पुरुष लग्न करून बायकोच्या घरी राहायला येतो. सगळेच घरजावई, तेव्हा कुणी कुणाला हसायचा प्रश्न नाही. लग्नात पुरुषाला एक मानाची पदवी मिळते आणि पुढं सासरी सगळे त्याच नावानं हाक मारतात. बुस्तामीला या घरात 'सुतान' म्हणत. मान पुष्कळ, हक्क शून्य. त्यातून बायको गेली आणि पोटी मुलगी नसली, की मग तो माणूस म्हणजे खोडावरची राख. फुंकर कुणी मारायची एवढंच उरतं. बुस्तामी-युस्निमारला मूलच झालं नाही. घर आता युस्निमारच्या धाकट्या बहिणीचं, दार्निसचं, आणि तिच्यामागून तिच्या मुलीचं, येल्वीचं.

तसं कुणी त्याला वाकडा शब्द बोललं नव्हतं. उलट सगळे त्याला तळहातावरच्या फोडासारखं जपत होते. आणि घोडं पेंड खात होतं ते तिथंच. पहिल्या महिन्यात येल्वीनं त्याचे कपडे धुवायला घेतले. एकतीस वर्षं आपली लुंगी आपण धुणारा माणूस, तो विहिरीवर गेला तर बादली रिकामी आणि कपडे दोरीवर. मग दार्निसनं त्याला नवी उशी दिली. मग त्याच्या ताटात माशाचा मधला तुकडा येऊ लागला. आणि आता हे झाकण.

दुसऱ्या कुणाला यात काही दिसलं नसतं. बुस्तामीला दिसलं, कारण पाहुणचार ही त्याची विद्या होती. आमच्या गावात समारंभाला घरचे जावई वाढतात, आणि बुस्तामीसारखा वाढपी पंचक्रोशीत नव्हता. डाव्या हातावर खांद्यापासून मनगटापर्यंत आठ बशा रचून तो चालायचा, आणि रश्श्याचा थेंब सांडायचा नाही. कुणाच्या पुढ्यात रेंदांगचा, म्हणजे नारळाच्या दुधात आटवलेल्या मांसाचा, कुठला तुकडा जायला हवा, कुणाला दात नाहीत, कोण लाजतो आणि कोण लाजल्याचं सोंग करतो, सगळं त्याला पाठ. पाहुण्याचा भात संपायच्या आत भात. पाहुणे जेवतायत तोवर घरच्या माणसानं हात धुवायचा नाही, पोट भरलं असलं तरी बोटं ताटात ठेवायची, नाहीतर पाहुणा अर्धपोटी उठतो. "सुतान वाढायला आहे ना? मग मी येतोच," असं लोक आमंत्रण देणाऱ्याला तोंडावर म्हणत. युस्निमार आतून बशा भरून द्यायची आणि तो बाहेर न्यायचा. बोलायचे नाहीत दोघं. ती बशी किती कलती देते यावरून त्याला कळायचं, ही कुणाची.

त्याला हवं होतं ते फार मोठं नव्हतं. मागची खोली. जिथं ती आजारपणात निजून होती ती. खोलीच्या खिडकीतून चढावरची दालचिनीची झाडं दिसतात, ती त्यानंच लावलेली. त्या खोलीत राहायचं, झाडं बघायची आणि या घरात समारंभ असेल तेव्हा बशा वाहायच्या. एवढं मिळालं की झालं. ते मिळालं तर बरं वाटेल का, हेही त्याला सांगता आलं नसतं, कारण काही वाटणं बंद झालं होतं. पण दुसरीकडे कुठं सकाळी उठून बसायचं, हे त्याच्या डोक्यात येतच नव्हतं.

मागायचं तर ते युस्निमारच्या थोरल्या भावाकडे. आमच्याकडे बहिणीच्या घराचा कर्ता मामा, आणि हा मामा तर कुळाचा प्रमुख. सगळे त्याला 'दातुक' म्हणत. म्हातारा चांगला होता. पण सासुरवाडीत सरळ मागत नाहीत. सरळ बोलणं म्हणजे अडाणीपणा, समोरच्याला 'नाही' म्हणायच्या कचाट्यात पकडणं. तिरकं बोलायचं, म्हणजे ऐकणाऱ्याला ऐकलं नाही असं दाखवता येतं. बुस्तामीनं आपलं वाक्य तयार ठेवलं होतं: दालचिनीला अजून दोन वर्षं लागतील. म्हणजे दोन वर्षं मला ठेवा. पुढचं पुढं. माणूस गेल्यावर शंभराव्या दिवशी जेवण घालतात, त्याला दातुक येणारच होते. स्वयंपाकघराच्या दारात बशा घेता-घेता, बाह्या वर सारलेल्या असताना, जाता-जाता बोलून टाकायचं. घरातलं काम करता-करता माणूस काहीही मागू शकतो, त्याचं कुणाला ओझं होत नाही.

शंभराव्या दिवशी पहाटेपासून मागच्या अंगणात नारळाच्या दुधाच्या कढया चढल्या. बुस्तामीनं लाकडं फोडायला घेतली तर येल्वीचा नवरा बागिंदो धावत आला आणि कुऱ्हाड काढून घेतली. बागिंदो पस्तिशीचा, बाजारात मोबाईल दुरुस्त करतो, हाताला कुऱ्हाडीची सवय नाही. दुसऱ्या घावाला लाकूड उडून कोंबडीच्या खुराड्यावर गेलं. बायका हसल्या. एक आजी म्हणाली, "राहू दे रे, तुझ्या कुऱ्हाडीला रेंज नाही." बुस्तामीही हसला असावा, कारण ती आजी त्याच्याकडे बघून समाधानानं मान हलवत होती.

दुपारच्या नमाजानंतर माणसं जमली. बुस्तामीची स्वतःच्या कुळातली माणसंही आली होती, त्याच्या माहेरची म्हणा ना, आणि बहिणीचा मुलगा एफ्री त्यांना मोटारीतून घेऊन आला होता. प्रार्थना झाली. युस्निमारचं नाव मोठ्यानं घेतलं गेलं तेव्हा बुस्तामीनं खाली चटईच्या विणीकडे बघितलं. तीन काळ्या पट्ट्या, एक लाल. पुन्हा तीन काळ्या. रडू आलं नाही. आपल्याला रडू येत नाही याचीही त्याला लाज वाटली नाही.

मग तो उठला, बाह्या सारल्या आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन डावा हात पुढं केला. पहिली बशी हातावर आली, दुसरी आली. तिसरी द्यायला दार्निस पुढं झाली, तिनं त्याच्याकडे बघितलं आणि हातावरच्या दोन्ही बशा उचलून घेतल्या.

"भाऊजी, तुम्ही बसा बघू."

"मी वाढतो की. सवय आहे."

"आज नाही. आज तुम्ही बसायचं. बागिंदो वाढेल."

तिनं त्याचा दंड धरला नाही, तसं करत नाहीत. ती फक्त पुढं चालली, आणि तो मागं गेला. बैठकीच्या वरच्या टोकाला, जरीच्या किनारीची चटई पसरली होती तिथं, पाहुण्यांच्या रांगेत, त्याच्या कुळातल्या म्हाताऱ्यांच्याही वर तिनं त्याला बसवलं. हात धुवायचं पाणी सगळ्यांत आधी त्याच्यापुढं आलं. समोरच्या रांगेत यजमान बसले होते. दातुक, त्यांचे दोन भाचे, शेजारचा चुलतभाऊ. मध्ये पाच हात अंतर आणि भाताची ताटं.

त्या जागेवरून ती बैठक त्यानं आयुष्यात कधी बघितली नव्हती. तो नेहमी उभा असायचा.

बागिंदो वाढायला लागला. हातावर तीन बशा, आणि चेहरा परीक्षेला बसल्यासारखा. पाहुण्याच्या ताटावरून हात नेऊन पलीकडच्याला वाढू लागला तेव्हा बुस्तामी अगदी हळू म्हणाला, "मागून ये. खांद्यामागून." बागिंदो मागून आला. कोवळ्या फणसाचा रस्सा आधी आणला तेव्हा बुस्तामीनं डोळ्यांनीच रेंदांगकडे खूण केली. एफ्रीच्या शेजारच्या म्हाताऱ्याला दात नव्हते, त्याला कडक वाळवलेलं मांस गेलं. बुस्तामीनं ते आपल्या ताटात घेतलं आणि आपला मऊ तुकडा त्याला दिला. इतकं केल्यावर दार्निस दारातून म्हणाली, "भाऊजी, जेवा हो. कशाला त्रास घेता?" मग तो मुकाट जेवला. त्याचा भात संपायच्या आत भात आला. पाणी संपायच्या आत पाणी. खरं सांगायचं तर बागिंदो लवकर शिकला.

जेवण निम्म्यावर आलं तेव्हा बुस्तामीला वाटलं, आता नाही बोललो तर राहिलंच. त्यानं घसा साफ केला.

"दातुक, चढावरच्या दालचिनीला अजून दोन वर्षं लागतील असं दिसतं."

दातुकांनी घास थांबवला. तोंडभर माया पसरली त्यांच्या. "लागतील, लागतील. पण तुम्ही आता त्याची काळजी करू नका, सुतान. एकतीस वर्षं पुष्कळ राबलात. बागिंदो बघेल."

"साल काढताना हात हलका लागतो."

"शिकेल की. तुम्ही आता दगदग नाही करायची."

समोरच्या रांगेतल्या दोघांनी माना डोलावल्या. बुस्तामीनंही डोलावली. दारात हातावर बशा घेऊन उभा असता तर तो पुढं बोलू शकला असता. म्हणाला असता, बागिंदोला मी शिकवतो, दोन पावसाळे. पण जरीच्या चटईवर बसून, उत्तम तुकडा खाऊन, माणूस आणखी काय मागणार? घरच्यानं मागितलं तर ती गरज. पाहुण्यानं मागितलं तर यजमानाचं काहीतरी कमी पडलं असा अर्थ होतो. त्यानं पुढचा घास घेतला. हे सगळं आपल्या बाबतीत चाललंय हे त्याला कळत होतं, पण ते पलीकडच्या खोलीत चालल्यासारखं ऐकू येत होतं.

जेवणं आटोपली. आता आमच्याकडे एक रीत आहे. पाहुणे नुसते उठून जात नाहीत. वरच्या टोकाला बसलेल्या पाहुण्यानं सगळ्यांच्या वतीनं निरोप मागायचा. यजमानानं तीनदा आग्रह करून अडवायचं. तिसऱ्या आग्रहानंतर पाहुण्यानं हात जोडायचे आणि सगळे जिना उतरतात, आमची घरं खांबांवर उंच असतात. त्याआधी कुणी हललं तर ते उष्ट्या हातानं पळाल्यासारखं दिसतं. तिसऱ्या आग्रहानंतरही जो बसून राहील त्याची अक्कल गावभर काढतात.

वरच्या टोकाला बुस्तामी होता.

माणसं थांबली होती. हात धुऊन झाले होते, विड्या पेटल्या होत्या. त्याच्या कुळातल्या एका म्हाताऱ्यानं त्याच्याकडे बघून भुवया उंचावल्या. एफ्रीनं मोटारीची किल्ली खिशातून काढून पुन्हा खिशात ठेवली. स्वयंपाकघराच्या दारात दार्निस उभी होती, पदरानं हात पुसत. आपल्याला वर बसवलंय म्हणजे निरोप आपणच मागायचा आहे, हे बुस्तामीला तेव्हा कळलं. असं नेमकेपणानं कुणी कुणाला घराबाहेर काढलेलं त्यानं पाहिलं नव्हतं. रागही आला नाही. उलट मनात आलं, युस्निमार असती तर म्हणाली असती, बरोबर केलं, कुणाला शब्दानं दुखावलं नाही.

त्यानं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. शब्द त्याला तोंडपाठ होते, एकतीस वर्षं भिंतीला टेकून त्यानं ते ऐकले होते.

"दातुक, भात खाल्ला, पाणी प्यायलो. पाय जड झालेत, पण वाट वाट बघते आहे. आम्हाला जिना उतरायची परवानगी द्या."

दातुकांनी दार्निसकडे बघितलं. दार्निसचे हात पदरातच थांबले. मग दातुकांनी घसा खाकरला आणि पहिला आग्रह केला, "एवढ्यात कुठं? ऊन तर उतरू द्या."

"उन्हाची सवय आहे, दातुक."

"चुलीवर भात अजून गरम आहे. तो कुणी खायचा?" हा दुसरा.

"गरम भाताला खाणारा मिळतोच."

दातुक थांबले. जरा जास्तच थांबले. म्हाताऱ्या माणसाचा श्वास लागतो कधीकधी. मग तिसरा आग्रह, जो प्रत्येक घरात प्रत्येक पाहुण्याला शेवटी करतात, बियाणं विकणाऱ्याला केला होता आणि जनगणनेच्या कारकुनालाही: "जायची घाई कशाला, सुतान? हे घर तुमचंच आहे."

बुस्तामीनं लक्षपूर्वक ऐकलं. शब्द जिथल्या तिथं होते. आवाज थोडा कापला, पण दातुक सत्तरीच्या पुढचे होते. त्यानं हात जोडले.

जिन्याशी दार्निसनं त्याच्या हातात रेंदांगचा डबा दिला, केळीच्या पानात बांधलेला चिकट भात दिला. तिचे डोळे लाल होते. सकाळपासून धुरात होती बिचारी. "भाऊजी," ती म्हणाली, आणि तिला पुढं काही सुचलं नसावं, कारण जे प्रत्येक पाहुण्याला म्हणतात तेच ती म्हणाली, "पुन्हा या हं."

"येतो," तो म्हणाला, आणि एफ्रीच्या मोटारीत पुढं बसला.

बहिणीचं घर तीन गावं सोडून आहे. नुर्सिनी त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. तो दारात दिसल्यावर तिनं काही विचारलं नाही. आज ना उद्या हे व्हायचंच होतं, आमच्याकडच्या प्रत्येक बहिणीला माहीत असतं. "ये बुस्ता," म्हणाली, आणि पुढच्या खोलीत गादी घालू लागली. या घरात तो जन्मला, पण दहाव्या वर्षापासून मुलगे मशिदीच्या पडवीत निजतात, मग लग्न होतं. या घरात त्याची अशी खोली कधी नव्हतीच. त्याच्या लहानपणी पुरुषांना इथं खोल्या लागतच नसत.

संध्याकाळी नुर्सिनीनं चहा ठेवला आणि चुलीपासूनच विचारलं, "बुस्ता, तुला साखर किती रे?"

त्याला भरून वगैरे आलं नाही. त्यानं विचार करून सांगितलं, "तुमच्याकडे घालतात तेवढी."

तिसऱ्या दिवशी सकाळी बागिंदो मोटारसायकलवरून आला. मागं बांधलेली पत्र्याची पेटी. आत बुस्तामीचे कपडे, घड्या घातलेले, वर त्याचा वस्तरा आणि नमाजाची टोपी. बागिंदोनं पेटी ओसरीवर ठेवली आणि उभाच राहिला. बुस्तामीनं त्याला बसवलं, नुर्सिनीनं चहा आणला, त्यानं "आत्ताच घेतला" म्हटलं, दोनदा आग्रह झाला, मग त्यानं घेतला.

इकडचं तिकडचं बोलून झालं. पाऊस, रस्त्याचं काम, कोंबड्यांचा रोग. मग बागिंदोनं कप खाली ठेवला. हा गडी बाजारातला, तिरकं बोलणं त्याला नीट जमत नाही.

"काका, खरं सांगू का? त्या दिवशी तुम्ही निरोप मागितलात आणि आमच्या घरात कुणाच्या घशाखाली घास उतरला नाही. दातुक पहिल्या आठवड्यातच आम्हाला म्हणाले होते, सुतान इथंच राहतील, त्यांना विचारायचंसुद्धा नाही, विचारलं तर त्यांना परकं वाटेल. एकतीस वर्षं वाहिल्या बशा, आता त्यांना बसवून वाढा, असं म्हणाले. म्हणून सासूबाईंनी तुम्हाला वर बसवलं. आणि तुम्ही तिथूनच..."

बुस्तामी ऐकत होता. ओसरीखाली एक कोंबडी पिल्लं घेऊन चालली होती.

"आता तुमच्या तोंडून निरोप निघाला म्हटल्यावर दातुक काय करणार? जबरदस्तीनं कसं धरायचं? ते म्हणाले, सुतानना त्यांच्या माणसांत जावंसं वाटत असेल, बायको नसलेल्या घरात जीव रमत नसेल." बागिंदोनं मान खाली घातली. "सासूबाई दोन दिवस रडतायत. मला म्हणाल्या, जा आणि एवढंच विचारून ये. आमचं काही चुकलं का?"

नुर्सिनी दारात येऊन उभी राहिली होती. ती भावाकडे बघत होती.

आता बोलता आलं असतं. एक वाक्य पुरे होतं. मोटारसायकल समोर उभी होती, पेटी अजून उघडलेलीही नव्हती, आणि विचारणारा माणूस असा होता की त्याला सरळ बोललेलं चाललं असतं, नव्हे, सरळच कळलं असतं. बुस्तामीला ते सगळं दिसत होतं. त्यानं तोंड उघडलं. पण तो आता दुसऱ्याच्या ओसरीवर बसला होता, समोर पाहुणा होता, आणि एका चांगल्या घराच्या यजमानीणबाईनं पाहुणचारात कमी पडलं का असं विचारलं होतं. त्या प्रश्नाला उत्तर एकच असतं. ते आपोआप आलं, नीट, स्वच्छ, एकही शब्द इकडचा तिकडे न होता.

"छे छे," तो म्हणाला, "काय चुकणार? सगळं उत्तम झालं. दार्निसला सांग, कशाचीच कमी नव्हती."

बागिंदोनं मान हलवली. त्याला हायसं वाटलं, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. त्यानं चहा संपवला, निरोप मागितला, आणि बुस्तामीनं त्याला तीनदा अडवलं.